शेततळ्यावर पाणकावळे उतरू लागले की

पाऊस ओसरला आणि उजनी धरण काठोकाठ भरलं की इंदापूर, दौंड, बारामती भागातल्या शेततळ्यांवर पाणकावळ्यांच्या फेऱ्या वाढतात. धरणाचं पाणी पसरलं, खोल झालं की त्यातला मासा विखुरतो. शेततळ्यात तो दाट आणि एका जागी सापडतो. पुढे उजनीचं पाणी हटून गाळपेर, म्हणजे काठची गाळाची जमीन, उघडी पडली की हीच गर्दी धरणाकाठच्या भिगवण-कुंभारगावकडे सरकते. तेव्हा जपायचं ते आत्ता, दिवाळीच्या आगेमागे, आणि ज्यांनी मत्स्यबीज उशिरा सोडलं त्यांनी तर फारच.

आधी पक्षी नीट ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. बगळे आणि वंचक काठाला उथळ पाण्यात उभे राहून टिपतात. प्लास्टिक अस्तराच्या, सरळ उताराच्या तळ्यात त्यांना पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून तिथे त्यांचा त्रास कमीच. पाणकावळ्याला काठ लागत नाही. तो बुडी मारून माशाचा पाठलाग करतो आणि आकडी चोचीने पकडतो. थवा असेल तर सगळे मिळून मासा एका कोपऱ्यात रेटतात. आपल्याकडे जास्त दिसतो तो छोटा पाणकावळा. त्याचा मारा मुख्यतः बोटभर माशांवर. मोठा पाणकावळा दोन-तीन किलो वजनाचा असतो, दिवसाला अर्धा किलोच्या आसपास मासा खातो आणि बरा वाढलेला रोहूही उचलतो. काळा, पांढऱ्या चोचीचा वारकरी पक्षी मुख्यतः पाणवनस्पती खातो आणि शेकाट्या किडे टिपतो. त्यांच्यामागे पळण्यात वेळ घालवू नका.

माझ्या मते निम्मं नुकसान बीज खरेदीच्या दिवशीच ठरतं. स्वस्त म्हणून जिऱ्यातून (अंड्यातून निघालेल्या अगदी बारीक पिल्लांतून) नुकतंच वर आलेलं बारीक बीज थेट तळ्यात सोडलं, तर ते पाणकावळ्याच्या घशाच्या मापाचंच असतं. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, किमान 10 सेंटिमीटरची घ्या. बारीक बीज आधीच आणलं असेल तर ते तळ्यातच हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पेटीत, वाढवा, हाप्याचं तोंड जाळीने झाका आणि अंगाने भरल्यावरच मोकळं सोडा.

तळं लहान असेल तर वरून जाळी हाच खात्रीचा उपाय. ती ताणून बांधा. सैल जाळी पाण्याला टेकली की पक्षी तिच्यावर बसून खालचा मासा टिपतात. खाद्य टाकायला आणि फेकजाळं चालवायला जागा राहील इतकी उंची ठेवा. तळं मोठं असेल तर आरपार समांतर दोऱ्या ओढा. पाणकावळा जड पक्षी, त्याला पाण्यावरून उठताना थोडं धावावं लागतं, म्हणून मध्ये अडथळे असलेल्या तळ्यावर तो उतरायला कचरतो. दोरी जाड आणि भडक रंगाची हवी. तंगूस (नायलॉनचा बारीक पारदर्शक दोरा) वापरू नका; तो पक्ष्याला दिसत नाही, त्यात पंख अडकतात.

फटाके, बुजगावणं, चमकत्या पट्ट्या यांचा धाक चार दिवसांचा. वापरायच्याच तर जागा बदलत राहा. त्यापेक्षा बसायच्या जागा कमी करा. पाणकावळ्याची पिसं भिजतात, त्यामुळे बुडी सोपी होते, पण नंतर पंख पसरून ती वाळवावी लागतात. तळ्यालगतचे रिकामे खांब, वाळक्या फांद्या काढल्या की त्याचा मुक्काम लांबत नाही. मात्र बाभळीवर घरटी असतील आणि त्यात पिल्लं असतील, तर त्या झाडाला कुऱ्हाड लावू नका.

माशाला लपायलाही जागा द्या. जुन्या पीव्हीसी पाइपचे तुकडे बांधून तळाशी सोडा, पण टोकं घासून घ्या. बाभळीच्या काटेरी फांद्या मातीच्या तळ्यात चालतात, अस्तराच्या तळ्यात कागद फाटेल. कोंडा-पेंड भोकं पाडलेल्या पिशव्यांत भरून दोन-तीन ठिकाणी टांगा, म्हणजे सगळा मासा एकाच जागी वर येत नाही.

एक गोष्ट फार जण चुकवतात. पहाटे अचानक बगळे आणि पाणकावळे नेहमीपेक्षा जास्त जमले, तर आधी पाणी बघा. पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. शेवाळ माजलं असेल किंवा आभाळ दाटलेलं असेल तर आणखीच. मासा तोंड वर काढून गुदमरतो आणि पक्ष्यांना आयता मिळतो. अशा वेळी पक्षी हाकलून काही हाती लागत नाही. खाद्य थांबवा, ताजं पाणी उंचावरून पाडा, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर चालू करा.

मावळ-मुळशीच्या भातवाल्यांना यातलं काही करायचं कारण नाही. खाचरातले गायबगळे किडे, नाकतोडे टिपतात, त्यांना राहू द्या.

बंदूक, विष, फासे यांचा विचारही नको. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तो गुन्हा आहे, आणि विष शेवटी आपल्याच पाण्यात उतरतं. दोऱ्या रोज एकदा फिरून तपासा. पक्षी अडकलेला दिसला तर ओढू नका. डोक्यावर फडकं टाका, दोरी कापा, आणि जखम असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.