बेंचवर ४-२० मिलिअँपिअर आणि ०-१० व्होल्ट दाखवण्याआधीची तयारी

कारखान्यातले मोजमाप ४-२० मिलिअँपिअर प्रवाहाने किंवा ०-१० व्होल्टने पाठवतात; ४ म्हणजे ० टक्के, २० म्हणजे १०० टक्के. वायरला हात लावण्याआधी कागद घ्या आणि लूपच्या (सप्लाय, ट्रान्समीटर आणि वाचणारी उपकरणे एकामागोमाग जोडलेल्या मंडलाच्या) रोधाचा हिशेब मांडा. सप्लाय २४ व्होल्ट, दोन वायरींचा ट्रान्समीटर (मोजलेले मूल्य प्रवाहात बदलणारे, त्याच दोन वायरींवर चालणारे उपकरण) चालायला किमान १२ व्होल्ट हवेत असे धरले, तर बाकीच्या सगळ्यासाठी १२ व्होल्ट उरतात. बिघाडाचा इशारा म्हणून ट्रान्समीटर २२ मिलिअँपिअरपर्यंत जाणार असेल, तर लूपमध्ये जास्तीत जास्त ५४५ ओहम चालतील. पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) कार्डचे २५० आणि डिस्प्लेचे २५० मिळून ५०० इथेच संपले. रेकॉर्डरसाठी आणखी एक २५० ओवला की एकूण ७५० होतात आणि प्रवाह १६ मिलिअँपिअरच्या आसपास अडकतो. त्याखाली सगळे आकडे अचूक येतात, म्हणून फक्त ४ आणि १२ वर तपासणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. ४, ८, १२, १६, २० हे पाचही टप्पे चढताना आणि उतरताना घ्या.

रेकॉर्डर नव्या रोधावर न लावता असलेल्या २५० ओहमवरच समांतर लावा. १ ते ५ व्होल्ट मिळतात. रेकॉर्डरचा इनपुट रोध मात्र पाहून ठेवा. तो १०० किलोओहम असेल तर वाचन पाव टक्क्याने कमी येते, १ मेगाओहम असेल तर चूक त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येते. बाहेरचा रेझिस्टर वापरायचाच असेल तर ०.१ टक्क्याचा घ्या. २० मिलिअँपिअरला त्यात ०.१ वॉट उष्णता होते, म्हणून अर्ध्या वॉटचा बसवला की तापून मूल्य सरकत नाही.

सिग्नल कोण पुरवतो, हे चॅनलगणिक लिहून काढा. चार वायरींचा ट्रान्समीटर स्वतः प्रवाह देतो. त्याला सप्लाय देणाऱ्या कार्डावर जोडला तर दोन स्रोत समोरासमोर येतात आणि आकडा निरर्थक होतो. कॅलिब्रेटरवरही (ठरावीक सिग्नल तयार करणाऱ्या तपासणी यंत्रावरही) ‘सोर्स’ (स्वतः प्रवाह देणे) आणि ‘सिम्युलेट’ (बाहेरच्या सप्लायवर ट्रान्समीटरसारखे वागणे) यांतला फरक हाच आहे.

मल्टिमीटरची लाल लीड प्रवाहाच्या सॉकेटमध्ये राहिली आणि व्होल्ट मोजायला गेलात, तर फ्यूज उडतो. त्याच रेटिंगचा सुटा फ्यूज टेबलावर हवाच. चालू प्लँटच्या लूपमध्ये मीटर घालणार असाल तर आधी इंटरलॉक (धोक्याच्या वेळी यंत्र आपोआप थांबवणारी व्यवस्था) बायपासची परवानगी घ्या, कारण वायर सुटताच सिग्नल शून्यावर येतो आणि ट्रिप बसते, म्हणजे यंत्र बंद पडते. ट्रान्समीटरला टेस्ट टर्मिनल असतील तर लूप न तोडता मोजता येते, पण मीटरचा अंतर्गत रोध मोठा असला तर थोडा प्रवाह आतल्या डायोडमधून निसटतो आणि वाचन कमी दिसते.

ऑसिलोस्कोपकडे जास्त लक्ष द्या. प्रोबची काळी क्लिप थेट अर्थला जोडलेली असते. सप्लायचे निगेटिव्ह अर्थ केलेले असताना ती २५० ओहमच्या वरच्या टोकाला लावली, तर रोध शॉर्ट होतो आणि पीएलसीवर शून्य दिसते. २४ व्होल्टच्या पॉझिटिव्हला लागली तर सप्लायच शॉर्ट. खालचे टोक अर्थला नसेल तर दोन चॅनल घेऊन वजाबाकी पाहा. पडद्यावर १२०० आणि २२०० हर्ट्झची बारीक लहर दिसली तर गोंगाट समजून फिल्टर लावू नका, ते हार्टचे (त्याच वायरींवरून ट्रान्समीटरशी डिजिटल माहिती देवाणघेवाण करण्याची पद्धत) संभाषण असू शकते.

५० हर्ट्झचा गुणगुणाट मात्र खरा गोंगाट. मोजणीचा काळ २० मिलिसेकंद किंवा त्याच्या पूर्ण पटीत ठेवला की तो सरासरीत मिटतो. लॉगर नेमका ५० हर्ट्झनेच नमुने घेत असेल, तर तीच लहर स्थिर ऑफसेटसारखी दिसते आणि माणूस शून्य जुळवत बसतो. शिल्ड (केबलवरचे धातूचे आवरण) एकाच टोकाला, शक्यतो पॅनलकडे अर्थ करा.

शेवटी स्केलिंग. १२ मिलिअँपिअरला डिस्प्लेवर बरोबर ५० टक्के यायला हवेत. ६० दिसले तर कुणीतरी रेंज ०-२० ठेवली आहे. मोकळे व्होल्टेज इनपुट अधांतरी आकडे दाखवतात, म्हणून न वापरलेले चॅनल शॉर्ट करा. ३.६ मिलिअँपिअर किंवा कमी, आणि २१ किंवा जास्त, हे दोन्ही डिस्प्लेवर बिघाड म्हणूनच यावेत. शून्याखाली छाटून ० टक्के दाखवणारा डिस्प्ले तुटलेली वायर लपवतो, त्यामुळे टक्क्यांशेजारी मिलिअँपिअरचा कच्चा आकडाही ठेवा.