टीव्हीच्या पडद्यावरच्या मेनूचं पेटंट: क्लेम कुठे टिकतो, कुठे पडतो

कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत खोलीतल्या टीव्हीवर आता चॅनल, सिनेमे, जेवणाची ऑर्डर आणि चेक-आउट एकाच मेनूत येतात. असा मेनू तुम्ही बनवला असेल आणि पेटंटचा विचार मनात असेल, तर आधी हे लक्षात घ्या: मेनूच्या मांडणीला भारतात पेटंट मिळत नाही. त्या मेनूमुळे सेट-टॉप बॉक्सच्या आत, नेटवर्कवर किंवा रिमोटच्या सिग्नलमध्ये काही वेगळं घडत असेल, तर त्याला मिळू शकतं. अर्जाचं सगळं लिखाण, आणि त्यातले क्लेम (नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारी वाक्यं), या फरकावर उभं करायचं.

अडथळा पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ मध्ये आहे. ३(के) खाली गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणक प्रोग्राम बाद होतात, तर ३(एन) खाली माहितीचं सादरीकरण. मेनूच्या अर्जावर बहुतेक वेळा दोन्ही हरकती एकत्रच येतात. पेटंट कार्यालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हार्डवेअरही नवीन असण्याची अट होती, ती २०१७ मध्ये काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी प्रकरणात (डिसेंबर २०१९) म्हटलं की शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल, तर प्रोग्रामवर आधारलेला आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. हरकतींना उत्तर लिहिताना हा निकाल उपयोगी पडतो, पण परिणाम आधी दाखवावा लागतो.

व्यवसायपद्धतीला मात्र ही पळवाट नाही. ‘निव्वळ’ हा शब्द फक्त संगणक प्रोग्रामला लागतो. परस्परसंवादी टीव्हीतल्या ओपनटीव्ही कंपनीचा, दुसऱ्याला मीडिया भेट देण्याच्या प्रणालीचा अर्ज दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये व्यवसायपद्धत म्हणूनच नाकारला. तेव्हा ‘पाहुणा मेनूतून फिश थाळी मागवतो आणि बिल खोलीच्या खात्यावर जातं’ हा भाग मुख्य क्लेममध्ये घालू नका. वापराचं उदाहरण म्हणून वर्णनात राहू द्या.

एक नमुना घेऊन बघू. रिसॉर्टमध्ये चॅनल आयपी मल्टिकास्टने खोल्यांत जातात, म्हणजे चॅनलचा एकच प्रवाह तो मागणाऱ्या सगळ्या बॉक्सच्या ‘गटाला’ मिळतो. बॉक्सने चॅनल बदलला की तो नव्या गटात सामील होण्याची विनंती पाठवतो आणि पुढची की-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) येईपर्यंत पडदा काळा राहतो. की-फ्रेम दर दोन सेकंदांनी येत असेल, तर नुसती ही वाट सरासरी एक सेकंदाची. आता मेनूत सहा स्तंभ आणि पाच ओळी आहेत असं धरा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला बाणाची नऊ बटणं आणि एक ओके. कडेवरून पलीकडे वळता येत असेल तर कुठूनही कुठेही जायला जास्तीत जास्त पाच आणि एक ओके.

पहिल्या झटक्यात लिहिला जाणारा क्लेम असा असतो: ‘अशी प्रणाली, जिच्यात चॅनलचे चौकोन सहा स्तंभांत दिसतात, निवडलेला चौकोन मोठा होतो आणि कडेवरून पलीकडे जाता येतं.’ हा ३(एन) वर पडतो. त्यातून वाचलाच तर कडेवरून वळण्याची युक्ती जुनी म्हणून पडतो. पुढे ‘प्रोसेसर आणि मेमरी असलेला सेट-टॉप बॉक्स’ हे शब्द चिकटवून काही हाती लागत नाही, कारण परीक्षक नेहमीचं हार्डवेअर बाजूला ठेवून उरलेल्या भागाकडे बघतो. ‘सूचना साठवलेलं माध्यम’ या थाटाचा क्लेमही निव्वळ प्रोग्राम म्हणून अडतो. अमेरिकेसाठी लिहिलेला क्लेमसंच जसाच्या तसा इथे आणला की हे हमखास होतं.

आता आतून लिहू. एनईसी या प्रचलित संकेतपद्धतीच्या इन्फ्रारेड रिमोटवर बटण दाबून धरलं की पुनरावृत्तीचा संकेत साधारण दर १०८ मिलिसेकंदांनी येतो. बॉक्सला हा संकेत येत राहिला तर बोट अजून बटणावर आहे, म्हणजे पाहुणा नुसता पुढे सरकतोय. संकेत थांबला की तो कुठल्यातरी चौकोनावर रेंगाळलाय. त्या क्षणी बॉक्स ठळक झालेल्या चौकोनाच्या मल्टिकास्ट गटात आधीच सामील होतो आणि शेवटच्या की-फ्रेमपासूनचा प्रवाह बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) धरून ठेवतो. पुन्हा बाण दाबला की तो गट सोडतो. क्लेममध्ये याच पायऱ्या याच क्रमाने यायला हव्यात: संकेत ओळखणं, ठराविक मर्यादेपलीकडे तो न आल्याचं मोजणं, गटात सामील होणं, बफर भरणं, ओके आल्यावर बफरमधून डिकोडरला देणं. चौकोन किती आणि कुठे, याचा उल्लेख मुख्य क्लेममध्ये लागतच नाही. मर्यादा १५० मिलिसेकंद की २५०, हे दुय्यम क्लेममध्ये ठेवा. आकडा मुख्य क्लेममध्ये घातला तर प्रतिस्पर्धी २६० ठेवून सुटेल.

अंदाजाने पुढचं चॅनल आधी ट्यून करून ठेवणं ही कल्पना मात्र जुनी आहे. नमुन्यात काही नवं असेलच तर ते बटणाच्या पुनरावृत्तीवरून घेतलेल्या निर्णयात, आणि तेही शोध घेतल्याशिवाय म्हणता येत नाही.

आधीची पेटंट शोधण्यासाठी युरोपियन पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, गूगल पेटंट्स आणि भारतीय कार्यालयाचं इनपास, तिन्ही विनामूल्य आहेत. नुसत्या शब्दांनी शोधलं तर हजारो निकाल येतात, म्हणून वर्गीकरणाचे संकेत वापरा: कार्यक्रम निवडण्याच्या इंटरफेससाठी एच०४एन २१/४८२, आशय किंवा सेवा मागवण्याच्या इंटरफेससाठी एच०४एन २१/४७२, मेनू आणि याद्यांसाठी जी०६एफ ३/०४८२, बाणाच्या बटणांनी कर्सर हलवण्यासाठी जी०६एफ ३/०४८९२. (शोधखिडकीत हे रोमन अक्षरांतच टाकावे लागतात.) एच०४एन २१ हा गट २०११ मध्ये आला, त्यामुळे जुने दस्तऐवज बघताना एच०४एन ५/४४५ आणि ७/१७३ सुद्धा चाळा. पेटंटबाहेरचं जुनं ज्ञानही मोजलं जातं. रिमोटवरची चार रंगीत बटणं टेलिटेक्स्टच्या काळापासून आहेत, आणि कुठल्या बटणावरून कुठला बाण कुठे नेतो हे ठरवून देणारे मेनू डीव्हीडीवर १९९० च्या दशकातच होते.

परदेशातले निकाल भारतात बंधनकारक नाहीत, पण वाचावेत. जेमस्टार कंपनीची टीव्हीवरच्या कार्यक्रम-मार्गदर्शिकेची तीन पेटंट इंग्लंडच्या न्यायालयाने २००९ मध्ये व्हर्जिन मीडिया या केबल कंपनीविरुद्धच्या खटल्यात रद्द ठरवली. युरोपियन पेटंट कार्यालय असं विचारतं की हा इंटरफेस वापरकर्त्याला एखादं तांत्रिक काम पार पाडायला खरोखर मदत करतो का. ‘बघायला सोपं’, ‘शिकायला सोपं’ एवढ्याने तिथेही भागत नाही.

परिणाम दाखवायचा म्हणजे मोजायचा. फोनचा कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर लावा, म्हणजे एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची. रिमोटचा एलईडी आणि पडदा एकाच चौकटीत घ्या. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड झगमगाट दिसतो. ओकेच्या पहिल्या लुकलुकीपासून पहिल्या चित्रापर्यंतच्या फ्रेम मोजा. नवी पद्धत चालू आणि बंद ठेवून प्रत्येकी शंभर बदल घ्या, मधला आणि सर्वांत वाईट आकडा नोंदवा. त्याच वेळी नेटवर्क स्विचच्या पोर्टवर जादा बँडविड्थ किती गेली तेही लिहा. हा तोटा लपवू नका. संकेत थांबेपर्यंत वाट पाहिल्याने नको ते प्रवाह मागवले जात नाहीत, हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा त्याच आकड्यांतून निघतो. हे तक्ते पहिल्या दिवसापासून स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात) हवेत, कारण कलम ५९ मुळे नंतर त्यात नवी माहिती भरता येत नाही.

गोव्यात खरा धोका आहे तो उत्साहाने दाखवून टाकण्याचा. नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी पणजीत सगळा उद्योग जमतो आणि डेमोचा मोह होतो. आधी दाखवूनही बारा महिन्यांत अर्ज करता येण्याची कलम ३१ मधली सवलत डेमोला मिळते ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनातच. हॉटेलच्या वीस खोल्यांत ‘पायलट’ लावून ठेवणं म्हणजेही सार्वजनिक वापर ठरू शकतो. कलम ३२ वाजवी चाचणीला वर्षभराची मुभा देतं, पण चाचणी सार्वजनिकरीत्या करणं गरजेचं होतं हे तुम्हालाच पटवावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, मग पायलट, आणि हॉटेलमालकाशी गोपनीयतेचा लेखी करार.

गोव्याचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल इथल्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, पण भरायचे ऑनलाइन. भाषा इंग्रजी किंवा हिंदीच. फॉर्म १ बरोबर फॉर्म २ मध्ये स्पेसिफिकेशन आणि आकृत्या. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, इतरांना ८,०००. कंपनीच्या नावाने सवलत घ्यायची तर फॉर्म २८ आणि स्टार्टअप मान्यता किंवा उद्यम नोंदणी हाताशी ठेवा. दहाच्या वरच्या प्रत्येक क्लेमला ३२० आणि तीसच्या वरच्या प्रत्येक पानाला १६० रुपये जादा (सवलतीचे दर). मेनूच्या अर्जात स्क्रीनशॉटनी पानं फुगतात. त्यांच्या जागी एक फ्लोचार्ट आणि एक वेळरेषा द्या, परीक्षकाला तेच हवं असतं.

प्रोव्हिजनलनंतर पूर्ण स्पेसिफिकेशनला बारा महिने. परीक्षणाची विनंती आपोआप होत नाही: फॉर्म १८, सवलतीची फी ४,००० रुपये, २०२४ च्या नियमांपासून मुदत ४८ ऐवजी ३१ महिने. ही चुकली तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा अर्जदारांत महिला असेल तर फॉर्म १८ए भरून लवकर परीक्षण मागता येतं. परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर कलम ३९ ची परवानगी घ्या, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा.

मेनूचं रूप वाचवायचं असेल तर डिझाइन कायदा, २००० बघा. अर्जाची फी व्यक्ती आणि स्टार्टअपसाठी १,००० रुपये, संरक्षण दहा आणि पुढे पाच वर्षं. ग्राफिकल इंटरफेससाठी डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लोकार्नो वर्ग १४-०४ आहे, तरी कार्यालयाने असे अर्ज नाकारलेले आहेत. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यूएसटी ग्लोबल या कंपनीच्या बाबतीत तसा नकार रद्द करून प्रकरण फेरविचाराला पाठवलं. डिझाइनही आधी जाहीर झालेलं चालत नाही, त्यामुळे दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका.

पहिला परीक्षण अहवाल आला की उत्तराला सहा महिने, विनंती करून आणखी तीन. ३(के) आणि ३(एन) ला एकाच परिच्छेदात उत्तर देऊ नका. ३(एन) साठी क्लेममधली अशी पायरी दाखवा जी पडदा बंद असला तरी घडते. ३(के) साठी मोजमापाचा तक्ता. सुनावणी व्हिडिओवर होते, मुंबईला जावं लागत नाही. लेखी म्हणणं मात्र त्यानंतर पंधरा दिवसांत द्यायचं. नकार आलाच तर आयपीएबी हे अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून अपील उच्च न्यायालयात, तीन महिन्यांच्या आत.