परवान्याचं शस्त्र घरात असेल तर: हाताळणी, साठवण आणि स्वसंरक्षणाचा कायदा

नागपूर जिल्ह्यात परवान्याचं शस्त्र अनेक तऱ्हेच्या घरांत असतं. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत राखणीसाठी ठेवलेली बारा बोअरची बंदूक, इतवारीत रोकड सांभाळणाऱ्या व्यापाऱ्याचं .३२ रिव्हॉल्व्हर, फौजेतून निवृत्त होऊन बँकेच्या दारावर उभ्या असलेल्या माणसाची डबल बॅरल, जुन्या मालगुजारी वाड्यात आजोबांकडून नातवाच्या नावावर आलेली रायफल. परवान्यासाठी माणूस महिनोन् महिने चकरा मारतो, पण शस्त्र हाती आल्यावर ते नीट शिकायला एक रविवारही काढत नाही. हा लेख त्या रविवारासाठी आहे.

माझं मत आधीच सांगतो. घरात आलेल्या शस्त्राचा पहिला धोका घरातल्यांनाच असतो. चोर कधी येईल, येईलच का, कोणाला ठाऊक? पण मुलं, पाहुणे, रागाच्या भरात असलेला भाऊ, खचलेला एखादा नातेवाईक हे रोज त्याच घरात वावरतात. म्हणून शिकण्याची सुरुवात नेम धरण्यापासून करायची नाही, शस्त्र रिकामं करण्यापासून करायची.

आधी कागद तपासा

शस्त्र कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. परवाना काढून या चार गोष्टी बघा: यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे का, शस्त्रावर कोरलेला नंबर आणि परवान्यावरचा नंबर एकच आहे का, मुदत कधी संपते, आणि परवाना कोणत्या हद्दीत चालतो. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाच्या मागे लागा. मुदत संपल्यावर शस्त्र तेच, माणूस तोच, पण घरात ते ठेवणंच बेकायदा ठरतं.

हद्दीचा मुद्दा नागपूरकरांनी जास्तच लक्षात ठेवावा. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल आणि कमरेला पिस्तूल लावून तुम्ही मध्य प्रदेशातल्या जामसावळीला दर्शनाला निघालात, किंवा खवासा ओलांडून शिवनीच्या लग्नाला गेलात, तर राज्याची सीमा ओलांडताच गुन्हा घडला. तिकडे जायचं असेल तर शस्त्र घरी कुलपात राहू द्या.

शस्त्र रिकामं करणं

जगभर शिकवले जाणारे चार नियम आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं धरून चाला. ज्यावर गोळी झाडायची नाही, त्याच्याकडे नळी करू नका. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर नेऊ नका. लक्ष्य ओळखा, आणि त्याच्या मागे काय आहे तेही बघा. हे चार नियम पाठ असून भागत नाही, ते हातात उतरले पाहिजेत. घरोघरी ऐकू येणारं ‘अरे, रिकामी आहे’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. कोणी शस्त्र तुमच्या हातात देताना ते म्हणाला, तरी स्वतः उघडून बघा. कोणाला राग आला तर येऊ द्या.

पिस्तुलाची रीत अशी. नळी सुरक्षित दिशेला, म्हणजे जिथे माणूस नाही आणि गोळी सुटलीच तरी अडेल अशा भिंतीकडे किंवा मातीकडे. बोट चापाच्या बाहेर, फ्रेमला लागून सरळ. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, काढा, ते टेबलावर किंवा खिशात ठेवा. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पूर्ण मागे ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मुळाशी काडतूस बसतं त्या जागेत, राउंड (काडतूस) असेल तर तो बाहेर पडेल. स्लाइड मागेच अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. अंधारात, घाईत डोळा फसतो, बोट फसत नाही.

क्रम उलटा झाला तर काय होतं, हे समजून घ्या. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, तर चेंबरमधला राउंड बाहेर पडतो आणि स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधला दुसरा राउंड आत जाऊन बसतो. त्यानंतर मॅगझिन काढलं, तर पिस्तूल हलकं लागतं, रिकामं वाटतं, आणि भरलेलं असतं. म्हणून मॅगझिन आधी, स्लाइड नंतर. हा क्रम कधीही बदलायचा नाही.

रिव्हॉल्व्हरला सिलिंडर, म्हणजे काडतुसांच्या घरांचा फिरता भाग, उघडून सगळी घरं रिकामी दिसेपर्यंत हात थांबवू नका. डबल बॅरल असेल तर बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. पावसाळ्यानंतर नळीत कुंभारमाशीचं मातीचं घरटं किंवा चिखलाचा बोळा सापडतो. अशा नळीतून बार काढला तर नळी फाटू शकते. कुंपण ओलांडताना, बांधावर चढताना, ट्रॅक्टरवर बसताना बंदूक मोडलेली आणि रिकामी असावी.

बार न फुटलेलं काडतूस लगेच बाहेर काढू नका. नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून किमान मिनिटभर थांबा. उशिरा पेट घेणारं काडतूसही असतं. शेतातल्या खोलीत दोन-दोन पावसाळे काढलेली काडतुसं वापरण्याच्या भानगडीत पडू नका, ती गन हाउसमध्ये, म्हणजे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, दाखवा.

ठेवायचं कुठे

उशीखाली नाही, देवघराच्या कपाटात नाही, कारच्या डॅशबोर्डमध्ये तर मुळीच नाही. मेच्या उन्हात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. शिवाय गाडी फोडून चोरलेलं शस्त्र गुन्हेगाराच्या हाती जातं. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्कं केलेलं स्टीलचं लॉकर घ्या. शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याजवळ. लॉकरची किल्ली फ्रीजवरच्या डब्यात ठेवली, तर ती घरातल्या लहान पोराला तुमच्याआधी सापडते.

मुलांपासून शस्त्र लपवून भागत नाही, त्यांना सांगावं लागतं. बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. मित्राच्या घरीही हाच नियम.

घरात कोणी फार खचलेलं असेल, दारू वाढली असेल, भावाभावांत जमिनीचा वाद पेटला असेल, तर शस्त्र तात्पुरतं गन हाउसमध्ये किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. यात कमीपणा काहीच नाही. आपल्या विदर्भात कर्जाने, नापिकीने खचलेली माणसं किती घरांत आहेत, हे वेगळं सांगायला नको. हाताशी शस्त्र नसलं, तर तो वाईट क्षण टळून माणूस वाचू शकतो.

दसऱ्याच्या शस्त्रपूजेबद्दल इथेच सांगतो, कारण त्या दिवशी घरोघरी शस्त्र बाहेर निघतं. पूजेला मांडण्याआधी एकट्याने, बंद खोलीत, वरच्या क्रमाने ते रिकामं करा. काडतुसं पाटावर मांडू नका, ती कुलपातच राहू द्या. स्लाइड किंवा सिलिंडर उघडा ठेवून मांडलं, तर रिकामं आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दिसतं. हळदकुंकू आणि पाण्याचा हात थेट शस्त्राला लागू देऊ नका, खालच्या कापडाला लावा. कुंकवाचे कण चापाच्या खाचेत आणि सिलिंडरच्या फटीत जाऊन बसतात आणि पाण्याने गंज धरतो. आरतीनंतर लगेच पुसून, तेलाचा हलका हात देऊन परत लॉकरमध्ये. पूजेनंतर मुलांच्या हाती फोटोसाठी देणं, ही पद्धत बंद करा.

सराव

नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहे, ती कागदापुरती उरकू नका. रेंजवर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, कानांवर संरक्षक आणि डोळ्यांवर चष्मा लावून सराव करा. बंद जागेत पिस्तुलाचा एक आवाजही कान कायमचा बिघडवू शकतो. काडतुसं महाग पडतात म्हणून सराव टाळणाऱ्यांनी .१७७ ची एअर पिस्तूल घ्यावी. तिला परवाना लागत नाही, आणि चाप हळूच, सरळ मागे दाबण्याची सवय तिच्यावरही लागते. शेतात किंवा गच्चीवर ‘चालते का बघू’ म्हणून बार काढणं हा सराव नाही. लहानशी .२२ ची गोळीसुद्धा किलोमीटरभराहून लांब जाते.

लग्नात, वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला २०१९ पासून वेगळी शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि मांडवाबाहेर माणसं असतात.

शेतकरी आणि जंगल

पिकाच्या राखणीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुकरांनी रातोरात हरभरा उलथून टाकलेला पाहिला की रक्त उसळतं, हे खरंच आहे. तरीही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वन विभागाच्या परवानगीशिवाय वन्यप्राणी मारणं गुन्हा आहे. वाघ किंवा अस्वल अंगावर आलं आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला सद्‌भावनेने गोळी झाडली, तर ती माफ आहे. मात्र मेलेला प्राणी सरकारचा, आणि तुम्ही तिथे आधीच काही बेकायदा करत असाल तर ही माफी मिळत नाही. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फार थोड्या लोकांना माहीत असते. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन विभागाकडे नोंदणी करायची असते. उमरेड-कऱ्हांडला आणि पेंचच्या आजूबाजूच्या गावांत राहणाऱ्यांनी ही नोंदणी आहे का ते आजच तपासावं.

बाहेर नेताना

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्येच, झाकलेलं, आणि मूळ परवाना सोबत. वर्धा रोडवर गाडी घासली म्हणून शर्ट वर करून पिस्तूल दाखवणं हा स्वसंरक्षणाचा हक्क नाही, तो धमकीचा गुन्हा आहे आणि परवानाही जाऊ शकतो. दारू प्यायची असेल त्या दिवशी शस्त्र घरी. निवडणुकीच्या काळात जमा करण्याची नोटीस आली तर मुदतीत जमा करा आणि पावती जपून ठेवा.

कायदा गोळी झाडायला कधी परवानगी देतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि कलम ३७ आधी वाचावं असं मला वाटतं. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावासाठी लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही.

समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क पोहोचतो, ते प्रसंग कलम ३८ ने मोजून दिले आहेत: मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी सरकारी मदत मिळणार नाही अशा तऱ्हेने डांबून ठेवणं, आणि ॲसिड हल्ला. मालमत्तेसाठी कलम ४१ आहे: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय यांदरम्यानची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि जीवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती वाटेल अशी चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं. भर दिवसा अंगणातून मोटरसायकल ढकलत नेणारा चोर या यादीत बसत नाही. त्याच्यावर गोळी झाडली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे राहाल.

बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारीही तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात माणसाची बाजू समजून घेतली आहे. अंगावर हल्ला होत असताना माणसाने बळाचा वापर गणितासारखा तंतोतंत मोजून करावा अशी अपेक्षा वास्तवाला धरून नाही, असं न्यायालय म्हणालं. पण त्याच निकालात हा हक्क सूड घेण्यासाठी नाही, हेही स्पष्ट आहे. पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी बचावाची होती, हे पटवून देणं फार कठीण.

रात्री घरात कोणी शिरलं तर

आधी आवाज देऊन घरातली माणसं मोजा. बुटीबोरीहून सेकंड शिफ्ट करून परतलेला मुलगा, पाणी प्यायला उठलेली आई, यांच्यावर अंधारात नळी रोखली गेली तर त्याची भरपाई नाही. सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, ११२ ला फोन लावा आणि लाइन चालू ठेवा. मोठ्याने ओरडून सांगा की पोलिसांना बोलावलं आहे. चोराला पळायला वाट राहू द्या. त्याला शोधत खोल्या फिरू नका. टॉर्च हाताशी ठेवा, कारण ओळख पटल्याशिवाय चापाला बोट लावायचंच नाही. प्लायवूडचं दार, खिडकीची काच, जिप्समचं पार्टिशन यांतून गोळी पलीकडे जाते. फ्लॅटमध्ये पलीकडे शेजाऱ्याचं मूल झोपलेलं असू शकतं.

गोळी झाडावीच लागली, तर धोका टळताच थांबा. जखमी माणसासाठी रुग्णवाहिका मागवा, मग तो चोर का असेना. रिकामी पुंगळी, रक्ताचा डाग, मोडलेली कडी, काहीही हलवू नका. पोलीस पोहोचतील तेव्हा तुमच्या हातात शस्त्र नको; ते कुठे ठेवलं आहे ते सांगा. शस्त्र जप्त होऊन न्यायवैद्यक तपासणीसाठी जाईल, त्याला विरोध करू नका. पहिल्या जबाबात घडलं तेवढंच सांगा, आणि वकिलाला बोलावून घ्या.

शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं, तर सकाळची वाट न बघता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. परवानाधारक वारला तर वारसांनी ते विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग आपल्या नावावर परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. तेराव्यापर्यंत कपाटात पडून राहू द्यायचं नसतं. परवान्याची आणि शस्त्राच्या नंबराची एक झेरॉक्स लॉकरपासून वेगळी ठेवा, आणि ती कुठे आहे हे बायकोला किंवा मोठ्या मुलीला सांगून ठेवा.