कम्युनिटी कॉलेजातून म्युझिकल थिएटरच्या पदवीला जायचंय?

अमेरिकेत दोन वर्षांच्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत बदली (ट्रान्स्फर) घेणाऱ्या माझ्या भाचीला एकाच आठवड्यात दोन ईमेल आले. पहिला युनिव्हर्सिटीच्या प्रवेश कार्यालयाचा: कम्युनिटी कॉलेजची ५८ क्रेडिट्स (अभ्यासाची एककं) मान्य. घरात पेढे वाटून झाले. दुसरा त्याच युनिव्हर्सिटीच्या नाट्यविभागाचा: तुम्हाला बीएफएच्या (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) पहिल्या वर्षात जागा दिली आहे. पहिल्या! "मावशी, दोन वर्षं पाण्यात गेली का गं?" असा तिचा फोन.

पाण्यात गेली नव्हती, पण प्रश्न चुकीच्या खिडकीवर विचारला गेला होता. "किती क्रेडिट्स धरणार?" हे प्रवेश कार्यालय सांगतं. "मला कुठल्या वर्षात बसवणार?" हे फक्त विभाग सांगतो. या दोन उत्तरांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. उदाहरणं बहुतेक कॅलिफोर्नियाची, कारण आम्ही तिथलं अनुभवलं.

आधी पदवीचं नाव नीट वाचा

बीए आणि बीएफए ही दोन वेगळी गणितं आहेत. बीएमध्ये साधारण एक तृतीयांश अभ्यास नाटकाचा, बाकी इतर विषयांचा. बीएफएमध्ये जवळजवळ दोन तृतीयांश अभ्यास गाणं, नाच आणि अभिनयाचा. कम्युनिटी कॉलेजात तुम्ही इंग्रजी, गणित, इतिहास उरकून येता. बीएमध्ये त्या क्रेडिट्सना बसायला जागा असते, म्हणून दोन वर्षांत सुटका होऊ शकते. बीएफएमध्ये जागाच थोडी. शिवाय तिथले स्टुडिओचे वर्ग साखळीसारखे असतात: पहिल्या वर्षाचा अभिनय झाला की दुसऱ्या वर्षाचा, आणि तुकडी चार वर्षं एकत्र चालते. मधूनच कुणाला घुसवत नाहीत. कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत १९१४ पासून नाटकाचा पदवी अभ्यासक्रम आहे, पण तिथे ट्रान्स्फरने आलेल्यालाही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

तिसराही प्रकार आहे. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्व्हाइनला आधी ड्रामाच्या बीएला प्रवेश घ्यायचा, म्युझिकल थिएटरच्या बीएफएची ऑडिशन आत गेल्यावर. तिथे "प्रवेश मिळाला" म्हणजे अर्धंच काम झालं.

पहिल्याच सेमिस्टरला विभागाला लिहा

दुसऱ्या वर्षापर्यंत थांबू नका. ईमेल छोटा ठेवा आणि तीनच गोष्टी विचारा. ट्रान्स्फर विद्यार्थ्याला नृत्य, गायन आणि अभिनयाच्या कुठल्या पातळीवर ठेवायचं हे कोण आणि कधी ठरवतं? गेल्या काही वर्षांत ट्रान्स्फरने आलेल्यांना पदवीला किती सेमिस्टर लागले? आणि तुमच्याकडे ट्रान्स्फरला जागा दरवर्षी असतात, की कुणी सोडून गेलं तरच? शेवटच्या प्रश्नाला आडवळणाचं उत्तर आलं, तर त्या कॉलेजवर सगळी भिस्त ठेवू नये.

उत्तर फोनवर मिळालं असेल तर "आपलं असं बोलणं झालं" म्हणून ईमेल पाठवून ठेवा.

विषय निवडताना

कॅलिफोर्नियात असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसी किंवा सीएसयूमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) धरला जातो, ते तिथे कळतं. दोन्हींसाठीचा सामान्य विषयांचा साचा २०२५ च्या फॉलपासून कॅल-जीईटीसी झाला आहे. थिएटरमधली ट्रान्स्फरची असोसिएट पदवी केली, तर सीएसयूमध्ये कुठेतरी जागा मिळण्याची हमी मिळते. पण हमी सीएसयूची असते, तुम्हाला हव्या त्या कॅम्पसची नाही, आणि ऑडिशनवाल्या अभ्यासक्रमाची तर नाहीच नाही. काउन्सेलर हे सांगायला हमखास विसरतात.

खरी कमाई कॅटलॉगच्या दुसऱ्या टोकाला असते: बॅले, टॅप, जॅझ, संगीताची मूलतत्त्वं, पियानो. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६० युनिटचे २,७६० डॉलर. इतक्या स्वस्तात रोज सकाळी बॅले दुसरं कोण शिकवणार? शक्यतो चारही सेमिस्टर बॅले सोडू नका, कारण तुमची पातळी लावताना सर्वांत आधी तेच उघडं पडतं. सांता मारियाच्या ॲलन हॅनकॉक कॉलेजातल्या पीसीपीएसारखं दोन वर्षांचं पूर्ण वेळ अभिनय-प्रशिक्षणही कम्युनिटी कॉलेजातच मिळतं, मात्र त्यालाही आधी ऑडिशन असते.

आपल्या घरांतून आलेल्या मुलांबद्दल थोडं. लहानपणापासून पेटीवर सारेगम केलेलं मूल सूर पक्का धरतं, ऐकून गाणं चटकन उचलतं. अडतं ते कागदावर. नोटेशन समोर ठेवून "हे गा" म्हटलं की गप्प. शिवाय आपण आपली पट्टी घेऊन गातो. इथे पट्टी कागदावर छापलेली असते आणि पियानोवाला तीच वाजवणार. त्यामुळे साइट-सिंगिंगचा वर्ग पहिल्याच सेमिस्टरला घ्या. कथक केलेल्या पायांना टॅप लवकर जमतं असं मला दिसलं. बॅलेला मात्र तो उपयोग होत नाही, तिथे अंग मुळापासून वळवावं लागतं.

वेळापत्रक

इथे फार जण फसतात. ऑगस्टमध्ये कॉलेजात जायचं असेल, तर तयारी आदल्या उन्हाळ्यात झालेली हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ज (यूसीचा शेवट नोव्हेंबरअखेर) आणि प्रीस्क्रीन व्हिडिओ (प्रत्यक्ष ऑडिशनआधीची चाळणी), जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष ऑडिशन. म्हणजे अर्ज करताना तुमच्या हातात कम्युनिटी कॉलेजचं एकच वर्ष असतं. गाणी पहिल्या वर्षाच्या मे महिन्यापर्यंत ठरलेली बरी.

प्रीस्क्रीनला बहुतेक ठिकाणी एकमेकांपेक्षा वेगळ्या धाटणीची दोन गाणी (एक जुन्या काळातलं, एक अलीकडचं), एक छोटं स्वगत आणि नृत्याचा तुकडा मागतात. कॉलेजनुसार वर्षांची मर्यादा आणि कॅमेऱ्याची चौकट बदलते, ते त्यांच्या पानावरून शब्द न् शब्द पाहा. फोन आडवा धरा, मागे कोरी भिंत ठेवा, आणि पियानोचा आवाज गळ्यावर चढतोय का ते आधी तपासा.

त्या खोलीत

ऑडिशनला "१६ बार गा" म्हणतात. म्हणजे किती? चार-चार मात्रांचे १६ बार, एकूण ६४ मात्रा: तीनतालाची चार आवर्तनं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ते ३२ सेकंदांत संपतं. नाट्यपदाचा आलाप रंगायच्या आत आपल्याला "थँक यू" ऐकू येतं. त्यामुळे गाण्याचा सर्वांत सुंदर भाग निवडू नका. ज्या १६ बारांत पात्र काहीतरी ठरवतं, नाकारतं, मागतं, ते निवडा. वन्समोअर इथे कुणी देत नाही.

पियानोवाल्याची वही हा निम्मा निकाल असतो. पानं पाठपोट छापलेली, रिंगबाइंडरमध्ये, चकाकणारं प्लास्टिक नाही. सुरुवात आणि शेवट ठळक, मधला गाळलेला भाग पेनाने फुली मारून नव्हे, कापून काढलेला. आत गेल्यावर भाचीने वही स्टँडवर ठेवली, वाकून हळू आवाजात पहिल्या दोन ओळी हव्या त्या लयीत गुणगुणल्या, शेवट कुठे ते बोटाने दाखवलं. पियानोवाल्या आजोबांनी मान हलवली. टाळ्या वाजवून किंवा चुटक्या मारून लय देऊ नका, तो उद्धटपणा समजतात.

पैसा आणि व्हिसा

सरकारी पेल ग्रँट (परत न करायची फीची मदत) आयुष्यभरात पूर्ण वेळेची १२ सेमिस्टर मिळते. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि पुढे चार वर्षं बीएफए: बरोबर १२. एखादं सेमिस्टर लांबलं की शेवटची फी खिशातून. ही ग्रँट नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना असते, एच-४ वरच्या (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांना नाही. एच-४ वाल्यांना दुसराही घोर: २१ वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. अठराव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात गेलेल्या मुलाला तो दिवस बहुधा बीएफएच्या मध्येच गाठतो. वकिलाशी बोलायचं ते अर्ज भरायच्या आधी.

अनामत भरण्यापूर्वी

यूसीला ट्रान्स्फरवाल्यांनी १ जूनपर्यंत होकार द्यायचा असतो. बऱ्याच खासगी कॉलेजांची मुदत १ मे. दरम्यान विभागाकडे एक कागद मागा: सेमिस्टरवार योजना, प्रत्येक सेमिस्टरला कुठले वर्ग आणि पदवी कुठल्या महिन्यात. भाचीने मागितला. त्यात तिच्या सामान्य विषयांच्या जागी मोकळे तास दिसले. ते तिने टॅप आणि दिग्दर्शनाने भरून घेतले आणि एका वर्षी उन्हाळ्यात नोकरी करायला मोकळी झाली. चार वर्षं मात्र चारच राहिली.