डेमनने फिजिकल मेमरी मोजताय? या चुका टाळा

सर्व्हरची ६४ जीबी रॅम भरलेली दिसते, पण त्यातली रोजच्या कामाला खरोखर किती लागते? लिनक्समध्ये हे शोधायचं सर्वात चांगलं साधन म्हणजे डेमन (DAMON), म्हणजे मेमरीच्या कोणत्या भागाला किती वेळा हात लागतो ते मोजणारी यंत्रणा. सेओंगजे पार्क यांनी सुरू केलेली ही यंत्रणा २०२१ साली लिनक्स ५.१५ बरोबर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आली. एखाद्या प्रोसेसपुरतं न पाहता सगळ्या फिजिकल मेमरीवर लक्ष ठेवायची सोय ५.१६ पासून मिळाली. साधन उत्तम आहे. मात्र त्याचे आकडे कसे तयार होतात हे न समजून घेता लोक सेटिंग बदलत बसतात आणि शेवटी ‘डेमन चुकीचं सांगतो’ असा निष्कर्ष काढतात.

म्हणून आधी थोडक्यात काम कसं चालतं ते पाहू. डेमन मेमरीचे रीजन, म्हणजे सलग पट्टे, पाडतो आणि प्रत्येक रीजनमधलं एकच पेज (मेमरीचा छोटा ठरावीक तुकडा, सहसा ४ केबी) निवडतो. त्या पेजचा अ‍ॅक्सेस्ड बिट, म्हणजे पेज वापरलं की प्रोसेसर लावतो ती खूण, पुसतो, थोडं थांबतो आणि बिट पुन्हा लागला का ते बघतो. लागला असेल तर त्या पूर्ण रीजनच्या खात्यात एक वापर जमा होतो. मूळ सेटिंगमध्ये ही तपासणी दर ५ मिलिसेकंदांनी होते आणि १०० मिलिसेकंदांनी बेरीज बंद होते, त्यामुळे आकडा ० ते २० यांच्यामध्येच असतो. रीजन कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त १०००. वापर जिथे वेगळा दिसतो तिथे रीजन फुटतात, सारखा दिसतो तिथे जुळतात.

पत्ता टाकतानाच चूक

फिजिकल मेमरीसाठी सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलची सेटिंग दाखवणाऱ्या फाइलींत, आपणच द्यायचा असतो. तो प्रॉकखालच्या आयओमेम फाइलीतून घेतात; कोणत्या पत्त्यांवर रॅम आहे आणि कुठे उपकरणं, ते तिथे लिहिलेलं असतं. ती रूट म्हणून वाचा, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतात.

खरा घोळ पुढे होतो. आयओमेममधले आकडे हेक्साडेसिमल (१६ च्या पायाचे) असतात, पण त्यांच्या पुढे ‘शून्य-एक्स’ छापलेलं नसतं. डेमनच्या फाइली मात्र आकड्याच्या सुरुवातीवरून पाया (दशमान, ८ चा ऑक्टल की हेक्स) ओळखतात. ‘१००००००००’ हा हेक्स आकडा म्हणजे ४ जीबी. तसाच चिकटवला तर कर्नल तो दशमान समजून १०० एमबीच्याही आत पोहोचतो. पुढे नुसतं शून्य असेल तर आणखी नको ती गंमत होते: ‘००१०००००’ म्हणजे १ एमबी, पण तो ऑक्टल धरला जातो आणि ३२,७६८ होतो. आकड्यात अक्षर असेल तर निदान एरर येते. नुसते अंक असतील तर काहीच तक्रार न करता चुकीचा पट्टा मोजला जातो, आणि ही चूक शोधायला सर्वात कठीण. ‘शून्य-एक्स’ नेहमी स्वतः लावा. आयओमेममधला शेवटचा पत्ता पट्ट्यात धरलेला असतो, डेमनमधला नसतो, म्हणून त्यात एक मिळवा.

शून्यापासून शेवटपर्यंत एकच मोठा पट्टा देणंही टाळा. एक्स८६ मशीनवर ४ जीबीच्या खाली पीसीआय उपकरणांसाठी पत्ते राखलेले असतात, तिथे रॅम नसते. ‘सिस्टम रॅम’ असं लिहिलेला प्रत्येक तुकडा वेगळा रीजन म्हणून द्या. फिजिकल मोडमध्ये डेमन हे पट्टे स्वतःहून ताजे करत नाही, त्यामुळे चालू मशीनला मेमरी जोडली तर यादीही आपणच बदलायची.

बदल केला, पण फरक पडत नाही

डेमन चालू असताना फाइलीत नवा आकडा लिहिला तरी तो लगेच लागू होत नाही. ‘स्टेट’ फाइलीत ‘कमिट’ लिहा. एवढंच.

सगळीकडे शून्य

ही तक्रार मी सर्वात जास्त ऐकतो, आणि बहुतेक वेळा दोष सेटिंगचा असतो. ६४ जीबीमध्ये १००० रीजन म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी ६४ एमबी. त्यातलं एक पेज नेमकं त्या ५ मिलिसेकंदांत वापरलं गेलं तरच नोंद होणार. एका प्रोसेसच्या व्हर्च्युअल पत्त्यांमध्ये (प्रोसेसला स्वतःची म्हणून दिसणारी मेमरी) शेजारची पेजेस बहुधा एकाच कामाची असतात. फिजिकल मेमरीत, विशेषतः बरेच दिवस चालू असलेल्या मशीनवर, शेजारी शेजारी भलत्याच प्रोसेसची पेजेस असतात. एका पेजवरून शेजाऱ्यांचा अंदाज बांधायचा, हे गृहीतकच तिथे कमजोर पडतं.

उपाय म्हणजे तपासणीची वेळ आणि बेरजेची वेळ, दोन्ही एकाच प्रमाणात वाढवा. १०० मिलिसेकंद आणि २ सेकंद करून बघा, तरी चित्र उमटलं नाही तर आणखी वाढवा. नुसते रीजन वाढवायचा मोह आवरा. फिजिकल मोडमध्ये एक पेज तपासायचं तर ते जिथे जिथे मॅप झालंय ती सगळी पेज टेबलं (कोणता व्हर्च्युअल पत्ता कोणत्या पेजकडे जातो त्याचे तक्ते) उलटी शोधावी लागतात. शेकडो प्रोसेसनी वाटून घेतलेल्या लायब्ररीच्या पेजला हा खर्च चांगलाच जाणवतो.

वेळ बदलली की जुन्या अटीही तपासा. डेमनच्या स्कीममध्ये, म्हणजे ‘अशा रीजनवर ही कृती कर’ अशा नियमात, रीजनचं ‘वय’ (त्याचा वापर किती काळ तसाच राहिला ते) सेकंदांत नसतं, बेरजेच्या फेऱ्यांत असतं. १०० मिलिसेकंदांना १२०० म्हणजे २ मिनिटं; तोच आकडा २ सेकंदांना ४० मिनिटं होतो. स्कीम अचानक मंदावली असं वाटतं, त्यामागे अनेकदा हेच असतं.

शून्य म्हणजे ‘नको असलेली मेमरी’ नव्हे

शून्याचा अर्थ इतकाच की निवडलेल्या पेजवर त्या वेळात खूण सापडली नाही. बिट पुसताना डेमन टीएलबी (प्रोसेसरने अलीकडचे पत्ते लक्षात ठेवायची जागा) रिकामा करत नाही, त्यामुळे सतत वापरात असलेल्या पेजची नोंद टीएलबीत टिकून राहिली तर प्रोसेसर बिट पुन्हा लावत नाही आणि गरम (सतत वापरातलं) पेज थंड (न वापरलेलं) दिसू शकतं. वेळ वाढवण्याचं हे दुसरं कारण. उलट बाजूने, २ एमबीच्या ह्यूज पेजला (अनेक छोट्या पेजऐवजी एकच मोठं पेज) एकच बिट असतो. त्यातल्या ४ केबीला हात लागला तरी सगळं पेज गरम ठरतं.

फिजिकल मोड फक्त एलआरयू यादीतली पेजेस पाहतो; कोणती पेजेस आधी बाहेर टाकायची हे ठरवायला कर्नल ही यादी ठेवतो. कर्नलचे स्लॅब (त्याच्या स्वतःच्या छोट्या वस्तूंची मेमरी), पेज टेबलं, कर्नल स्टॅक यांचा हिशेब यात येत नाही. उपकरणं डीएमए करतात, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरतात, तेव्हाही पेज टेबलातला बिट लागत नाही. आणि रात्री एकदाच चालणाऱ्या बॅच कामाची मेमरी दुपारी थंडच दिसणार. ती बाहेर ढकलायची का, हे ठरवताना मशीनचं वेळापत्रक माहीत असलेल्या माणसाला विचारा.

शंका असेल तर १ जीबी मेमरी घेऊन तिला सतत हात लावणारा छोटा प्रोग्रॅम चालवा. आधी व्हर्च्युअल मोडमध्ये तो नीट दिसतो का बघा. मग फिजिकल मोडमध्ये गरम रीजनची एकूण बेरीज १ जीबीच्या आसपास वाढते का ते तपासा. पत्ते विखुरलेले असतील, त्यांच्या मागे लागू नका.

दोन मोजणारे एकाच वेळी

आयडल पेज ट्रॅकिंग ही कर्नलमधली न वापरलेली पेजेस शोधायची दुसरी सोयही हेच बिट वापरते. दोन्ही एकत्र चालवलीत तर एकाने पुसलेली खूण दुसऱ्याला दिसत नाही. डेमन हा संघर्ष स्वतः सोडवत नाही, एक बंद करा.

डेमन रिक्लेम चालू आहे, पण काहीच करत नाही

डेमन रिक्लेम म्हणजे बराच वेळ न वापरलेली मेमरी मोकळी करणारा डेमनचा भाग. आधी मोकळी मेमरी बघा. मूळ सेटिंगमध्ये ती ५० टक्क्यांच्या वर असेल तर रिक्लेम निष्क्रिय राहतो आणि ४० टक्क्यांच्या खाली आल्यावर कामाला लागतो. २० टक्क्यांच्याही खाली गेली तर तो पुन्हा बाजूला होतो आणि कर्नलची नेहमीची एलआरयू पद्धत सूत्रं हाती घेते. याशिवाय रीजन २ मिनिटं अस्पर्शित राहावा लागतो. चाचणीच्या रिकाम्या मशीनवर या अटी सहसा पुऱ्याच होत नाहीत. त्या पुऱ्या होऊनही आकडा हलला नाही तर स्वॅप (डिस्कवर मेमरीसाठी राखलेली जागा) आहे का पाहा. स्वॅपशिवाय अ‍ॅनॉनिमस पेजेस (ज्यांच्या मागे फाइल नसते ती) बाहेर टाकायला जागाच नसते.