मैदानाच्या ग्रँटचं घोडं अडलेलं, ते असं सुटलं

पार्कातल्या मैदानावर पोरांना फुकट खेळायला मिळावं म्हणून ग्रँटचा (अनुदानाचा) अर्ज टाकलेला, तो परत आला, म्हणे खर्चातला काही हिस्सा तुम्हीच घालायचा, ते तुमच्या वाट्याचे पैसे कुठून आणणार ते दाखवा. खात्यात तर खडखडाट! पण गाइडलाइन पुन्हा वाचली तर त्यात होतं की रोख नसली तरी चालेल, कोच फुकट देणार ते तास, कुणी वापरायला दिलेली खेळाची जाळी, सामानाची खोली, यांची बाजारभावाने किंमत लावून तोच आपला हिस्सा धरतात, फक्त कागद पाहिजे. मग प्रत्येकाकडून हमीपत्र घेतलं, मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून वेळा ठरवून लेखी परवानगी आणली, आणि बजेटमधले फ्लडलाइट उडवून (फोटोतच छान दिसतात, बिल कोण भरणार) मुलींची वेगळी बॅच टाकली. मंजूर झालं एकदाचं. आता कोचच्या तासांचं रजिस्टर रोज सही-तारखेसकट भरतोय. ग्रँटचे पैसे मात्र आधी आपण खर्च करून बिलं जोडल्यावरच येतात, त्यामुळे मधल्या काळाची सोय बघूनच हात घाला.