सायबर फसवणुकीची फिर्याद कशी द्यावी आणि ती न्यायालयात टिकेल अशी कशी ठेवावी

ऑनलाइन फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. पोलीस ठाणे, वकील आणि नातेवाइकांचा सल्ला हे सारे त्यानंतरचे. लुबाडलेली रक्कम एका भाडोत्री खात्यातून दुसऱ्या आणि तिथून तिसऱ्या खात्यात सरकत असते, आणि कोणी ती एटीएममधून काढून घेण्यापूर्वीच बँकेला ती अडवून धरता येते. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) समोर असावा. त्याच दिवशी आपल्या बँकेलाही ईमेलने कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घातलेल्या नियमांनुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर कोणताही भार पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान मात्र ग्राहकालाच सोसावे लागते, म्हणून अशा वेळी संकोचाने घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

१९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर झालेली नोंद म्हणजे प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) नव्हे, हे अनेकांना उशिरा कळते. त्यासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो. कोथरूडमध्ये राहणारा माणूस पुणे शहर पोलिसांच्या हद्दीत येतो, हिंजवडीतला पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या आणि शिरूरचा पुणे ग्रामीणच्या. हद्दीचा प्रश्न उपस्थित झाल्यास दोन तरतुदींचा शांतपणे उल्लेख करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि कलम २०२ नुसार फसवणूक संदेशांद्वारे झाली असेल तर तो संदेश जिथे मिळाला तेथील न्यायालयालाही अधिकार असतो. आरोपी राजस्थानात आणि खाते बंगालमध्ये असले, तरी फोन कोथरूडमध्ये वाजला एवढे पुरेसे आहे.

अर्ज घडलेल्या क्रमाने लिहावा: कोणत्या क्रमांकावरून कधी संपर्क झाला, काय सांगितले गेले, त्यावर विश्वास ठेवून आपण काय केले, आणि कोणत्या खात्यात किती रक्कम गेली. ‘विश्वास ठेवून’ हा दुवा वगळू नये, कारण फसवणुकीचा गुन्हा त्यावरच उभा राहतो. कलमे लावणे पोलिसांचे काम असले, तरी एक बाब फिर्यादीने जाणून असावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील तोतयेगिरीच्या कलम ६६ड खाली कमाल शिक्षा तीन वर्षांची असून गुन्हा जामीनपात्र आहे, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून दोन्हींचा विचार व्हावा अशी विनंती अर्जातच करावी. शिवाय या अधिनियमाखालील तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो, त्यामुळे तपास कोणाकडे आहे हे प्रारंभीच विचारून घ्यावे.

माझ्या मते खटले कायद्याच्या उणिवेपेक्षा पुराव्याच्या हेळसांडीमुळे अधिक कमकुवत होतात. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत मागितले आहे: एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे पडताळता येईल असा तिचा सांकेतिक ठसा) नमूद करावयाचे. म्हणून ज्या फोनवर संदेश आले तो विकू नये, एक्स्चेंजमध्ये देऊ नये किंवा फॉरमॅट करू नये. घाबरून चॅट पुसणे आणि आरोपीने घ्यायला लावलेले, आपली स्क्रीन त्याला दाखवणारे ॲप काढून टाकणे ही तर सर्वांत मोठी चूक, कारण त्यामुळे आरोपीचाच माग पुसला जातो. त्याऐवजी फोन विमान मोडवर टाकून दुसऱ्या फोनवरून बँकेशी बोलावे. स्क्रीनशॉटमध्ये क्रमांक, तारीख आणि वेळ दिसलीच पाहिजे. ईमेल आला असेल तर तो पुढे पाठवू नये, मूळ रूपातच जतन करावा, कारण तो कोणत्या सर्व्हरवरून आला ही माहिती त्याच्या शीर्षभागात असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस ठेवणे बंधनकारक आहे. त्यानंतर ते मिळतीलच असे नाही, तेव्हा तपास अधिकाऱ्याने ते वेळेत मागवावेत यासाठी लेखी स्मरणपत्र द्यावे.

यंत्रापासून माणसापर्यंत पोहोचणे किती कठीण असते हे पुण्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. भारतात पैसे काढणाऱ्या हस्तकांना पुढे पुण्याच्या न्यायालयात शिक्षा झाली, परंतु यंत्रणेत शिरणारे देशाबाहेरचे सूत्रधार या खटल्याच्या पिंजऱ्यात कधी आले नाहीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७५ परदेशातील गुन्ह्यालाही लागू होते खरे, पण दुसऱ्या देशाकडून नोंदी मिळवण्याचा मार्ग विनंतीपत्रांचा आणि संथ असतो.

नुकसानभरपाईसाठी आणखी एक वाट आहे, जिच्याकडे वकीलही क्वचितच वळतात. संगणकात अनधिकृत प्रवेश झाला असेल किंवा कंपनीने संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळली असेल, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा मांडता येतो. फौजदारी खटला आणि हा दावा एकाच वेळी चालू शकतात.

ठाण्यात फिर्याद घेतली गेली नाही, तर अर्जाची प्रत टपालाने पोलीस उपायुक्तांकडे, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे, पाठवावी आणि तरीही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. नोंद झालेल्या गुन्ह्याच्या तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. गोठवलेली रक्कम आपोआप खात्यात परतेल असे गृहीत धरू नये. ती परत मिळावी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा आणि त्यासोबत बँकेचा प्रमाणित खातेउतारा, १९३० वरील तक्रारीचा पोच क्रमांक आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत जोडावी.